उत्तमदादा, मॅरेथॉनचे बूट आणि सोमवारची तारीख

ज्यानं आमचं घर जाळलं, त्यानंच माझ्या भावाच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला होता.

सेलूच्या चौकात. वर उत्तमदादाचा फोटो, खाली हात जोडलेला तो. दादापेक्षा दुप्पट मोठा.

परवा दादा गेला. काल फ्लेक्स लागला. आज सकाळी मी स्टूल घेऊन गेले आणि ब्लेडनं तो उभा फाडला. ज्यांनी व्हिडिओ काढला, त्यांनी खुशाल फॉरवर्ड करा.

त्याचं नाव श्रीरंगराव. तुम्ही त्याला 'साहेब' म्हणता. आता माझ्याकडून ऐका.

अठ्ठ्याहत्तर साल. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि आमच्या गावातली बौद्ध वस्ती पेटवली. मी दहा वर्षांची, दादा एकोणीसचा. श्रीरंगला आमच्या छपराला पलिता लावताना दादानं डोळ्यानं पाहिलं.

बाबा शिंपीकाम करायचे. मशीन ओढायला ते आत गेले.
मशीन निघालं. दोन्ही हात भाजले. बोटं एकमेकांना चिकटली.
त्यांनी पुन्हा कात्री धरली नाही.

आम्ही सेलूला आलो. दादा जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायला लागला. आणि पळायला लागला.

रोज सकाळी सेलूहून जुन्या गावापर्यंत आणि परत. श्रीरंगच्या दारावरून.

आई म्हणायची, "दुसरा रस्ता न्हाई का रे?"

"हाय की. पण त्या रस्त्यावर तो न्हाई."

श्रीरंगच्या माणसांनी कुत्री सोडली. रस्त्यावर बाभळीचे काटे टाकले. दादा काटे उचलून बांधावर ठेवायचा आणि पुढं जायचा.

जाळपोळीची केस सहा वर्षं रेंगाळली. बाकीचे साक्षीदार एकेक करून 'आठवत नाही' म्हणाले. उरला फक्त दादा.

सहाव्या वर्षीच्या हिवाळ्यात जिनिंगमधल्या क्लार्कनं त्याला पेपर दाखवला. पुण्यात मॅरेथॉन होती, कुणीही पळू शकत होतं. दादानं फॉर्म भरला. पुण्याची रेस रविवारी. परभणीच्या कोर्टातली साक्ष सोमवारी.

श्रीरंगलाही हे कळलं.

एका सकाळी त्यानं जीप आडवी घातली. मांडीवर खोका. आत पांढरेशुभ्र पळायचे बूट, मुंबईहून आणलेले. दादा तोवर टाके घातलेल्या कॅनव्हासच्या बुटांत पळायचा.

"लय मेहनत करायलास, उत्तम. पुण्याला जा. जिल्ह्याचं नाव कर. मग दोन दिस तिथंच आराम कर. येवढं पळाल्यावर सोमवारी परभणीला कोण येतंय?"

दादानं खोका घेतला.

घरी आईनं तो बघितला. "बापाचे हात बघ आन् मग घाल पायात."

"घालणारच हाय," दादा म्हणाला. बस, एवढंच.

मी आठ दिवस त्याच्याशी बोलले नाही. तेच आठ दिवस आज टोचतात.

तो पुण्यात पळाला. बेचाळीस किलोमीटर, पूर्ण. नवीन बूट चावले, पायाची दोन नखं गेली. कितवा आला ते त्यानं कधीच सांगितलं नाही. संध्याकाळच्या एस.टी.त बसला आणि सोमवारी अकराला भिंत धरून कोर्टाच्या पायऱ्या चढला.

मी बाबांबरोबर तिथंच होते. दादाला बघून श्रीरंगचा चेहरा असा उतरला की काय सांगू.

दादानं त्याच्याकडे बोट करून साक्ष दिली. श्रीरंगचा वकील हसत म्हणाला, "आरोपीशी तुमचं जुनं वैर आहे, म्हणून खोटं बोलताय."

दादा वाकला. नाड्या सोडल्या. मोजे रक्तानं भरलेले. त्यानं दोन्ही बूट हातात वर धरले.

"जज्जसाहेब, ह्ये बूट ह्यानंच दिलेत. आज मी येऊ नये म्हणून. त्याच्यातच पळालो आन् त्याच्यातच आलो."

वकील उठायच्या आधी श्रीरंगच ओरडला, "माझे बूट घालून माझ्यावरच उलटतोस काय रे!"



जज्जसाहेबांनी ते शब्द लिहून घेतले. साक्षीदार फोडायचा प्रयत्न केला म्हणून त्याचा जामीन रद्द झाला. पोलिसांनी त्याला तिथूनच नेलं.

मी मोठ्यानं हसले. शिपायानं दटावलं तरी हसतच होते.

न्याय मिळाला का? नाही. चार महिन्यांनी तो सुटला, पुरावा अपुरा म्हणून. हलगी वाजवत मिरवणूक निघाली त्याची.
पण चार महिने तो आत होता. ते चार महिने मला अजूनही गोड लागतात.

दादा पळतच राहिला. त्याच रस्त्यानं. दहा वर्षं.

चौऱ्याण्णव साल. विद्यापीठाला नाव मिळाल्याची बातमी आली. दुसऱ्या दिवशी दादा पळत गेला आणि पहिल्यांदाच श्रीरंगच्या दारात थांबला. मी सायकलवर मागं होते.

श्रीरंगला तेव्हा इलेक्शन लढवायचं होतं. मतं हवी होती म्हणून ओट्यावर आमच्या वस्तीतलीही चार माणसं बसवलेली. त्यांच्यासमोर दादा म्हणाला,

"श्रीरंगराव, पाणी द्या."

त्यानं गड्याला हाक मारली.

"गडी नको. तुमच्या हातानं."

ओट्यावरचे सगळे बघायला लागले. श्रीरंग उठला. आत गेला. तांब्या भरून आणला आणि दादाच्या हातात दिला.

दादानं दोन घोट घेतले. उरलेल्या पाण्यानं त्याच्या उंबऱ्यासमोर सावकाश दोन्ही पाय धुतले. तांब्या पालथा ठेवला आणि निघाला.

मला नंतर म्हणाला, "आता गार वाटायलंय."

मला अजून वाटत नाही, दादा. मी क्षमा-बिमा करणार नाही.

तू मात्र निवांत जा.
तुझ्या बहिणीचा तुला शेवटचा जय भीम.