साखराबाईनं माळावर लावलेलं गाव

आमच्या गावातली बरीच माणसं यंदाच्या उन्हाळ्यात माळावर वाळून गेली. घाबरू नका, माणसं घरी धडधाकट आहेत, दोन वेळा जेवून एकमेकांच्या चहाड्या करतायत. वाळली ती त्यांच्या नावाची रोपं.

मुखेडपासून चार कोसांवर आमचं गाव. गावाच्या वरच्या अंगाला गायरानाचा माळ आहे. तिथं साखराबाईनं दोनशे रोपं लावली आणि एकेका रोपाला गावातल्या एकेका माणसाचं नाव दिलं. सरपंचाचं सीताफळ. उमादेवीची करंज, ती बाई दारात उभी राहून कुणाकडं कोण आलं ते बघत असते, आणि तिचं रोपसुद्धा बरोबर वाटेकडं कललेलं. माझ्या नावाची चिंच.

"मलाच कामून चिंच?" मी विचारलं.

"तुमची जीभ आंबट हाय, आबा."

एका कडुलिंबाच्या रोपाचं नाव मात्र ती तोंडानं घेत नसे. विचारलं की डोक्यावर पदर ओढायची आणि म्हणायची, "ते त्यायचं हाय." त्यायचं म्हणजे तिच्या नवऱ्याचं, शेषेरावचं.

शेषेराव कसा गेला ते सांगायचं तर मागं जावं लागतं. सोयाबीन आलं तसं आमच्याकडं एक नवीन शास्त्र निघालं. बांधावरच्या झाडाच्या सावलीत सोयाबीनच्या दोन ओळी दबतात म्हणे. शेषेरावनं बांधावरचे अकरा लिंब तोडले. त्याचं बघून त्याच्या भावानं तोडले, भावाचं बघून मी. माझे सात गेले. दुसऱ्याचं उघडं करताना आपलं झाकून ठेवणं बरं दिसत नाही. एक आंबा दोघा भावांच्या मधल्या बांधावर होता. तो कुणाचा, यावर दोन वर्षं भांडण चाललं आणि शेवटी दोघांनी मिळून तो तोडला. त्या घरात तेवढंच एक एकमत झालेलं मी पाहिलं.

लाकूड न्यायचा मुखेडचा खाजा. करवतीचं मशीन घेऊन तो गावोगाव फिरायचा आणि माल वीटभट्टीवर घालायचा. बांध सरले तसा माळ लागला. पळस, धावडा, बोरी, बाभळी, सगळं गेलं. 'सरकारी हाय' म्हणत प्रत्येकानं आपापला भारा नेला. म्हसोबाच्या धाकानं एक जुना लिंब तेवढा राहिला.

मग मोठ्या पावसात माळाची माती ओढ्यात उतरली आणि खाली मुरूम उघडा पडला. अक्षय्यतृतीयेपर्यंत पाणी असणारी गावची विहीर होळीलाच तळ दाखवू लागली. पाखरं गेली तशी अळी वाढली. ज्या सोयाबीनसाठी झाडं पाडली, तेच आता चार-चार फवारे मागतं. आणि तीन वर्षांमागं मे महिन्यात शेषेराव एकटाच रानात गेला होता, त्याला ऊन लागलं. भोवळ आली तसा तो सावली शोधत आपल्याच बांधानं चालला असणार. सापडला तेव्हा अकराव्या खोडक्यावर डोकं टेकलेलं होतं.

वर्षश्राद्ध झालं आणि साखराबाईनं रोजगार हमीचं ते काम मागून घेतलं. दोनशे रोपं जगवायची, हप्त्याला एक टँकर पाणी मिळणार. टँकर कुणाचा, तर खाजाचाच! तोडायला झाड उरलं नाही म्हणून त्यानं मशीन विकून टँकर घेतला होता.

"खाजा, आधी झाडं नेलास, आता पाणी आणून राहिलास," मी त्याला डिवचायचो.

"क्या करना आबा, तुमच्या गावाला मी लागतोच," तो म्हणायचा. "साखराभाभी, बादल्या आणा."

दोनशे रोपांना हप्त्याला एक टँकर म्हणजे तापल्या तव्यावर शिंतोडे. एप्रिल निम्मा सरला तेव्हा एकेचाळीस रोपं जिती होती, आणि ती सगळी म्हसोबाच्या लिंबाखालची. त्या सावलीनंच तगलेली. माझी चिंच तिथंच होती, उमादेवीची करंज होती, आणि त्यायचा लिंब अगदी बुंध्याजवळ.

तशात निरोप आला: सोमवारी मोजणीला साहेब येणार. दीडशेच्या खाली भरली तर काम बंद, टँकर बंद, आणि माळ खडी फोडणाऱ्या मशीनला.

साखराबाई टँकरच्या चाकाला टेकून मटकन बसली. "आबा, हे एकेचाळीस तरी जगू द्या म्हणावं. कुणाला सांगू?"

मला गप्प बसता येत नाही, ही माझी जुनी खोड. मी म्हटलं, "त्यात काय एवढं? लिंबाच्या फांद्या तोड अन् दे खड्ड्यात खोचून. साहेबाला पान दिसलं म्हंजे झालं झाड!"

खाजा हसला. मी हसलो. साखराबाई वर लिंबाकडं बघत राहिली.

सोमवारी उजाडता मी माळावर गेलो. एकशे एकोणसाठ खड्ड्यांत एकशे एकोणसाठ हिरव्यागार फांद्या. लिंब पार बोडका. छप्पन्न वर्षांची बाई कोयता घेऊन स्वतः चढली होती, हातापायाची सालटं निघालेली.

"बाई, मी गमतीनं बोललो गं!"

"मला आता गंमत कळत न्हाई, आबा."

साहेब अकराला आले. जीपमधून उतरले, रुमाल डोक्यावर टाकला, लांबूनच मोबाईलवर चार फोटो काढले. "दोनशेच्या दोनशे! जिल्ह्यात असं कुठं नाही, बाई." कागदावर लिहिता लिहिता म्हणाले, "रोपं चांगली लागलीत. आता पाण्याची गरज नाही. टँकर दुसऱ्या गावाला देऊ."

खरं सांगितलं तर काम बंद, गप्प राहिली तर पाणी बंद. तरी साखराबाई हात जोडून बोलली, "साहेब, आणिक दोन महिने..."

"लोभ करू नका, बाई," साहेब म्हणाले. जीप गेली.

गुरुवारपर्यंत फांद्यांचा कोळसा झाला. त्या मेल्याच होत्या, त्यांचं दुःख नाही. पण एकेचाळीस जित्यांवरची सावलीही आम्ही तोडली होती. लिंब चिवट, त्याला पालवी फुटेल. पण ती दाट व्हायला आषाढ उजाडणार, आणि तोवर रोपानं कशाच्या आधारावर थांबायचं? खाजा दुसऱ्या गावाहून परतताना टँकरच्या तळातलं उरलंसुरलं दोन कॅनभर पाणी टाकून जायचा. खाली बघायचा. साखराबाईनं लुगडी फाडून रोपांवर बांधली, वाऱ्यानं उडाली.

मग रोज एक बातमी. सरपंचाचं सीताफळ तर आधीच गेलेलं. उमादेवीची करंज गेली तेव्हा ती भांडायला आली, "माझीच कामून आधी? पाणी चोरलीस माझं!" साखराबाईनं वाळकी काडी उपटून तिच्या हातात दिली. उमादेवी ती काडी घेऊन, कुणाच्या दाराकडं न बघता घरी गेली.

एके सकाळी साखराबाई माझ्या ओट्याशी थांबली. "आबा, तुमची चिंच गेली."

"मग तेरावा कधी?" मी म्हटलं. ती वळून चालायला लागली होती.

मेच्या मध्याला एकच उरलं. त्यायचं. चार पानं, कडा करपलेल्या. साखराबाई सकाळपासून त्याच्या शेजारी अशी बसायची की तिची सावली त्याच्यावर पडावी. सूर्य सरकला की तीही सरकायची. बाराच्या सुमाराला मात्र सावली तिच्याच अंगाखाली जायची. मग ती पदर पसरून ओणवी व्हायची. पाठीवर फोड आले होते.

मी घरची छत्री घेऊन गेलो.

"काड्या मोडल्यात हिच्या," ती न बघता म्हणाली.

"माझ्यासारखीच हाय. तू जरा घरी जा, मी बसतो. शेषेराव माझ्याशी गप्पा मारायला कंटाळायचा न्हाई, त्याचा हा लिंबही..."

"आबा." तिनं माझं मनगट धरून छत्री रोपावर नेमकी आणली. "आता बोलू नका. नुसतं धरा."