लुंगी वर, लुंगी खाली

मला अपराधी वाटायला फारसं कारण लागत नाही. गाडीत एखादी म्हातारी उभी असली आणि तिला जागा मिळाली नाही, तर मला रात्रीचं जेवण गोड लागत नसे. आणि मी कंडक्टर, त्यामुळे अशा म्हाताऱ्या रोज भेटायच्या. आमचं लग्न जमलं त्या दिवसाबद्दल मी बोलायला लागलो की बायको म्हणते, "झालं, आता पुन्हा माफी मागणार." या वेळी माफी मागायची नाही. लुंगीबद्दल सांगायचं आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझी ड्यूटी मुक्कामी गाडीवर होती. सकाळी चंद्रपूरहून सुटलेली गाडी दिवस मावळायच्या आत सिरोंचा तालुक्यातल्या, प्राणहितेच्या काठावरच्या एका गावात पोचायची आणि दुसऱ्या दिवशी पहाटे परत निघायची. गाडी जिथे वळते तिथेच एक चहाचं हॉटेल होतं. मालकाला सगळे अण्णा म्हणत, मीही म्हणायचो. अण्णा सकाळी नदीवर मासे धरायचे आणि उरलेला दिवस हॉटेल बघायचे. घरात बोलणं तेलुगूत, गिऱ्हाइकांशी मराठीत, रागावले की हिंदीत. मोठ्या चौकड्यांची निळी लुंगी आणि वर बनियन, यापलीकडे त्यांच्या अंगावर मी दुसरं काही पाहिलं नव्हतं. त्या गावात सगळ्याच पुरुषांचं तसं. शेतात, नावेत, बाजारात, ग्रामपंचायतीच्या मीटिंगला, सगळीकडे लुंगी. पॅन्टीतले लोक म्हणजे मी, ड्रायव्हर आणि फॉरेस्टचे गार्ड.

एका पावसाळ्यात वाटेतल्या नाल्याला पूर आला आणि गाडी गावातच अडकली. माझी खाकी भिजून चिंब. ती वाळेना, आणि दुसरी जवळ नव्हती. अण्णांनी आतून एक धुतलेली लुंगी आणून दिली. मी आरमोरीचा. आमच्या घरीही लुंगीच नेसतात, पण मी शाळेपासून पॅन्टीतला. मला ती कमरेवर टिकवता येईना. शेवटी मी लुंगीवरून कातडी पट्टा आवळला आणि सवयीने तिकिटांची बॅग खांद्याला लावून बाहेर आलो.

अण्णांची मुलगी कप विसळत होती. तिने एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"पप्पा, बघा, कंडक्टर पोत्यात भरून आले. तोंड बांधायचं राहिलं फक्त."

अण्णांनी तिला दटावलं, पण स्वतःच हसत होते. मग त्यांनी मला नेसायला शिकवलं. दोन टोकं समोर आणायची, एक बाजू पोटावर घट्ट घ्यायची, दुसरी तिच्यावरून दुमडून खोचायची. खोचताना पोट आत घ्यायचं आणि मग सोडायचं, म्हणजे पोटच लुंगी धरून ठेवतं. काम असलं की खालचा काठ उचलून कमरेशी दुमडून घ्यायचा. गुडघे मोकळे. पाय ओले होत नाहीत, वारा लागतो. मला इतकं बरं वाटलं की नंतर पूर ओसरला, खाकी वाळली, तरी मुक्कामाच्या गावी पोचलो की मी आधी लुंगी नेसायला लागलो.

त्याच दिवसांत दुसरी गोष्ट शिकलो. मी लुंगी गुडघ्यावर दुमडून हॉटेलासमोर उभा होतो. अण्णांचे वडील नदीवरून येत होते. त्यांना सगळं गाव ताता म्हणायचं, म्हणजे आजोबा. उंच, काटक, बोलायला कमी. ते दिसताच अण्णांचा हात कमरेशी गेला, एक झटका, आणि लुंगी घोट्यापर्यंत खाली आली. बाकावरच्या दोघांनीही तसंच केलं. मी तसाच उभा.

"कंडक्टर, खाली घ्या, खाली," अण्णा दातांमधून बोलले.

मी गडबडीने खाली घेतली. ताता पुढे गेल्यावर अण्णांनी समजावलं. मोठ्या माणसासमोर लुंगी वर ठेवली तर त्याचा अर्थ, मी तुला मोजत नाही. भांडायला निघालेला माणूस लुंगी वर घेतो. मोठ्यांसमोर ती खालीच हवी.

यानंतर दोन वर्षं गेली. मी ती ड्यूटी मागून मागून घेत होतो, आणि का, ते ड्रायव्हरपासून डेपोच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. एका संध्याकाळी अण्णांच्या मुलीने चहा ठेवला आणि तिथेच उभी राहिली.

"तुमच्या घरचं कोणी येणार आहे, की तुम्ही नुसताच चहा पीत राहणार?"

मी म्हटलं, "येतील ना."

"लवकर आणा. नदीपलीकडून एक स्थळ आलंय. पोरगा नात्यातला आहे, तेलुगू बोलतो. तातांना तेच बरं वाटतं."

अण्णांनीही तेच सांगितलं. "मले तुम्ही पसंत आहात. पण घरात तातांचा शब्द. तुमच्या वडिलांना पाहतील, मग बोलतील. हो म्हणाले तर हो. नाही म्हणाले तर माझ्याजवळ काही राहत नाही."

म्हणून मी माझ्या वडिलांना, म्हणजे बाला, घेऊन निघालो. बा आरमोरीच्या तलावावर मासेमारी करायचे. त्यांचं आयुष्य कमरेएवढ्या पाण्यात गेलं. लुंगी गुडघ्याच्या वर, मागे खोचलेली. घरात, बाजारात, पाहुण्यांत, तशीच. घोट्यापर्यंत सोडलेली लुंगी त्यांना सहन होत नसे. ते म्हणायचे, तशी लुंगी तापात पडलेला माणूस नेसतो, नाहीतर काम दिसलं की दुसरीकडे पाहणारा. आणि आमच्या घरी तसं नेसून बसायचे ते मयतीवरून आल्यावर. आजोबा गेले तेव्हा बा दारात लुंगी सोडून बसले होते, मला आठवतं. हे मला पक्कं माहीत होतं. तातांसमोर काय करायचं असतं तेही पक्कं माहीत होतं. पण या दोन गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी शेजारी कधी आल्याच नाहीत. गाडीत मी बाला नको नको ते सांगत बसलो.

"बा, तोंडातला तंबाखूचा खर्रा आधीच थुंकून घ्या. हळू बोला. तुमची बोली त्यांना समजत नाही."

"मंग का मुक्याचं सोंग घेऊ?"

"आणि त्यांचा ताता कमी बोलतो. राग मानू नका."

"तू काऊन एवढा घाबरून राह्यला बे? तेबी मासेच धरतेत, मीबी मासेच धरतो. का वाघाकडं चाललो काय आपण?"

बाने त्या दिवसासाठी नवीन लुंगी घेतली होती, हिरव्या चौकड्यांची. मी मात्र इस्त्रीची पॅन्ट आणि बूट घातले होते.

अण्णांच्या अंगणात खाटा टाकल्या होत्या. सगळं चांगलं चाललं होतं. अण्णा आणि बा जाळ्याच्या गाळ्यांबद्दल, म्हणजे भोकांच्या मापाबद्दल बोलत होते, अर्धं हिंदीत, अर्धं आमच्या झाडी बोलीत, आणि दोघांना कळत होतं. मग फाटकाशी ताता आले. अण्णा उठले, शेजारचे दोघे उठले, तिघांच्या लुंग्या एकदम खाली आल्या.

बाही उठले. त्यांनी पाहिलं की घरातलं सगळ्यात मोठं माणूस आलंय आणि त्याचे पाय चिखलाने भरलेत. आमच्याकडे अशा वेळी बसून राहणं म्हणजे उद्धटपणा. बसल्याने जरा सैल झालेली लुंगी त्यांनी दोन्ही हातांनी उचलली, पार मांड्यांपर्यंत, मागे घट्ट खोचली, आणि रांजणाजवळचा लोटा उचलून पाय धुवायला पाणी घालावं म्हणून तातांकडे निघाले.

तातांना दिसलं ते इतकंच: मुलाचा बाप आपल्याला पाहून उठला, लुंगी वर चढवली, आणि हातात लोटा घेऊन अंगावर चालून येतोय.

ताता थांबले. तेलुगूत चारदोन शब्द बोलले, वळले आणि नदीकडे चालू लागले. अण्णांचा चेहरा उतरला. बा लोटा धरून उभे.

"काय झालं? का म्हणाले ते?"

अण्णांनी जमिनीकडे पाहत सांगितलं, "म्हणाले, पाहुण्यांना जेवू घाला आणि गाडीत बसवून द्या."

भिंतीमागून बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. मी सरळ तातांच्या मागे धावलो. माझं तेलुगू म्हणजे गाडीतलं. पुढे सरका, सुटे द्या, उतरा. तेवढ्या शब्दांत मी काय समजावणार होतो, मलाही माहीत नाही. काठावर पोचलो तेव्हा तातांनी लुंगी दुमडून पाण्यात पाय घातला होता. त्यांचं जाळं खाली बुडालेल्या झाडाच्या बुंध्याला अडकलं होतं, आणि ते रागारागाने दोर ओढत होते. मी हात जोडून काठावर उभा राहिलो. "ताता, ताता," एवढंच म्हणत होतो. त्यांनी वळून पाहिलं नाही.

माझ्या शेजारून बा गेले. मला वाटलं होतं ते अंगणातच असतील. ते थांबले नाहीत, काही विचारलं नाही; सरळ पाण्यात शिरले, तातांच्या पुढे जाऊन बुंध्याजवळ पोचले आणि खाली हात घालून जाळं चाचपू लागले.

ताता ओरडले, "पट्टु!" म्हणजे धर.

"धरलं!" बा म्हणाले.

तातांनी दोर सैल केला. बाने खालून गाळे सोडवले. पुन्हा "पट्टु!", पुन्हा "धरलं, धरलं!" दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि दोघं एकमेकांवर खेकसत होते, घरच्यासारखे. मला पाण्यात उतरावंसं वाटत होतं. बूट काढायला वाकलोही. पण बुटाची नाडी घट्ट बसली होती आणि ती सुटेपर्यंत जाळं सुटलं होतं. ज्याचं लग्न तो कोरडा, आणि दोन म्हातारे ओले. याचं मला वाईट वाटतं, आता बायको काही म्हणो.

एवढ्यात अण्णाही आले होते. जाळं काठावर पसरल्यावर तातांनी बाहेर येऊन हात झटकले आणि सवयीने लुंगी घोट्यापर्यंत सोडली. अण्णांनीही सोडली. बाने दोघांकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"हे सारे काऊन सोडतेत रे?"

मी सांगितलं. मोठ्या माणसासमोर इथे वर ठेवत नाहीत म्हणून.  बाने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी लहानपणी भरला माठ फोडला तेव्हा पाहिलं होतं.

"दोन वर्षांपासून इथी जाऊन येऊन राह्यला तू. खर्रा थुंका म्हणाचं ध्यानात राह्यते, अन् हे नाई?"

"चुकलं, बा."

"चुकलं म्हंते." ते नदीकडे वळले. मला वाटलं, ते करणार नाहीत. मी त्यांना ते करा असं म्हणणारही नव्हतो. आजोबांच्या वेळचं मला आठवत होतं, आणि त्यांना तर आठवत असणारच. मग त्यांनी मागचा खोचा ओढला, पुढची घडी सोडली आणि ओली हिरवी लुंगी हाताने सारखी करत पायांवर घोट्यापर्यंत ओढली. ती पिंढऱ्यांना चिकटत होती. तशा लुंगीत चालायची सवय नसल्याने ते दोन पावलं टाकताना अडखळले. तातांसमोर गेले आणि हात जोडले.

तेवढ्यात मी अण्णांना आमच्याकडचं सांगत होतो. घाईत, तुटक. तिथे कोण लुंगी सोडतं आणि कधी. अण्णांनी ते तातांना तेलुगूत सांगितलं. तातांनी बाच्या पायांकडे पाहिलं. मग काहीतरी म्हणाले. अण्णा हसले, त्या संध्याकाळी पहिल्यांदा.

"म्हणतात, या माणसाला कोरडी लुंगी द्या. आणि मासे दोन जास्त तळा. उद्या पलीकडच्या स्थळाला निरोप पाठवू, आमची पोरगी आरमोरीला दिली म्हणून."

घराकडे परतताना ताता पुढे, अण्णा त्यांच्यामागे, बा त्यांच्यामागे, आणि सगळ्यात शेवटी मी, एका पायात बूट आणि एक हातात.  मी बाला गाठलं आणि म्हटलं, "बा, तुम्ही माझ्यासाठी..."

"तुह्यासाठी नाई," बा म्हणाले, लुंगीचा काठ चिखलातून सांभाळत. "म्हातारा हाये तो. पाण्यात एकटाच ओढून राह्यला होता. चाल आता, भूक लागली."