पायरीला मार्क

ओल्या हवेत फळ्यावर खडू नीट उमटत नाही. आमच्या कोल्हापुरात जून लागला की हीच गत. त्यामुळे कॉलेजात फिजिक्सच्या तासाला मी प्रत्येक अक्षर पुन्हापुन्हा गिरवून ठळक करायचो, आणि त्या संथ गिरवण्याचं मला स्वतःलाच भारी कौतुक. आधी सूत्र, मग किमती, मग आकडेमोड, शेवटी एकक, आणि उत्तराखाली पट्टीने दोन रेघा. पायरीला मार्क असतो, हे मी इतक्यांदा बजावायचो की पोरं माझ्या आधीच ते म्हणून मोकळी व्हायची.

मग बारावीच्या गुणांवर मिळणारा मेडिकलचा प्रवेश सीईटीवर गेला. पायऱ्या संपल्या, चार पर्याय आले. स्टाफरूममध्ये आम्ही यथेच्छ नाकं मुरडली. ही कसली परीक्षा, ही तर सोडत, वगैरे. आणि त्याच सुमारास दर रविवारी सकाळी मी राजारामपुरीतल्या एका खाजगी क्लासात त्याच सोडतीच्या युक्त्या शिकवू लागलो. एकक बघून दोन पर्याय आधीच खोडा, उत्तर अंदाजाने गाठा, लिहीत बसू नका. क्लासवाल्यांची अट एकच, यातलं काही कॉलेजात न्यायचं नाही. ती मी इमानदारीने पाळली. आज हा शब्द लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मी स्वतःची समजूत त्यानेच घालत होतो.

मंगल माझ्या कॉलेजच्या वर्गातली. चंदगडकडची, वसतिगृहात राहणारी. तिच्या गावात दवाखाना नव्हता आणि पावसात एसटी बंद पडली की अडलेल्या बाईला डोलीत घालून न्यावं लागे. म्हणून डॉक्टर व्हायचं हे तिचं तिनेच ठरवलेलं. तिच्या वहीतल्या रेघा माझ्याहून सरळ असत. बोर्डात ती कॉलेजात पहिली आली, आणि सीईटीत इतकी मागे पडली की यादीत नाव शोधण्यातही अर्थ उरला नाही.

निकालानंतर ती मला भेटायला प्रयोगशाळेत आली ती घरचे भाजलेले काजू घेऊन. पावसाळी, राखाडी उजेडात तो खमंग वास खोलीभर पसरला आणि मला तिच्याकडे बघवेना.

"निम्मा पेपरसुदिक झाला न्हाई, सर," ती म्हणाली. "कोऱ्या जागेत सगळ्या पायऱ्या लिवल्या की मी. खाली दोन रेगा बी मारल्या."

तिथे पायऱ्या कोणी बघत नाही, एवढं एक वाक्य मी वर्षभरात वर्गात उच्चारलं नव्हतं. ते आता तरी सांगावं म्हणून तोंड उघडलं, तोच ती म्हणाली, "माझाच हात सावकाश हाय."

मी मान डोलावली. हो, वेग कमी पडला तुझा, असंही म्हणालो.

"परत बसू काय, सर? एक वरीस घरात राहून करीन अभ्यास."

ती परत बसली असती तर त्या युक्त्या तिला शिकवणं मला भाग होतं, आणि पहिल्याच तासाला तिला उमगलं असतं की त्या मला कधीपासून येत होत्या. मी अगदी वडीलकीच्या सुरात म्हणालो, कशाला वर्ष वाया घालवतेस, बीएस्सीला नाव घाल.

"बरं, सर," म्हणाली. माझं सगळंच ती ऐकायची.