घरच्यांना खाली नेणाऱ्या अनुभवीबाई

अनुभवीबाईंनी जांभई दिली की आमच्या मुलुंडच्या ऑफिसातला पंखा मंद व्हायचा. मी वाढवून सांगतो असं बायको म्हणते. पण त्या जांभईपायी एकदा अख्खी बैठक झोपली होती, हे मी शपथेवर सांगेन. डोळे पुसून बाई म्हणायच्या, "गोळीची आहे, माझी नाही. हं, बोला मॅडम."

आमची संस्था मानसिक आजारांवर संशोधन करायची. ज्यांच्यावर संशोधन, त्यांच्यातलं एक माणूस समितीत हवंच, असा नियम आला. कागदोपत्री पद होतं 'आजाराचा अनुभव असलेल्या सल्लागार'. त्याचं आम्ही अनुभवीबाई केलं. वाकोल्याला भावाकडे राहायच्या, पंधरा वर्षं गोळ्या चालू. त्यांनी चहा घ्यावा, मान डोलवावी आणि फोटोत मधे बसावं, एवढीच आमची अपेक्षा. त्यांनी चहा तेवढा घेतला.

तेव्हा अभ्यास संपत आला होता. गोळ्यांचा त्रास होतो का, हे आम्ही पेशंटच्या घरी जाऊन विचारलं होतं. सगळीकडे एकच उत्तर: 'बरं आहे.' त्या अहवालावर हॉस्पिटल सगळ्यांचे डोस आहेत तसेच ठेवणार होतं. आमच्या प्रमुख मॅडम खुशीत होत्या. बाईंनी माझ्या उंचीचा फॉर्मांचा गठ्ठा चाळला.

"विचारताना घरात कोण होतं रे?"

"घरचे होते. एवढ्याशा घरात जातील कुठे?"

"मग हे घरच्यांचं 'बरं आहे'. मी दिवसभर झोपते, वहिनीला बरंच आहे ते. तिच्यासमोर मी काय सांगणार?"

मॅडम म्हणाल्या, "पण पेशंट खोटं कशाला बोलतील?"

"जेवायला वाढतं कोण, मॅडम?"

नियमाने आणलेल्या बाई नियमानेच आडव्या आल्या. त्यांच्या सहीशिवाय अहवाल हलेना, आणि त्या सही करेनात. मॅडमनी आठवडाभर माझ्याशीही बोलणं टाकलं. शेवटी सगळी घरं पुन्हा करायची ठरली.

घरच्यांना 'जरा बाहेर थांबा' म्हटलं की ते दाराला चिकटून उभे राहतात. बाईंची रीत वेगळी. चपला काढायच्या आधीच त्या विचारायच्या, "दादा, तुमच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट कुठवर आलं?" बस. पुढचा तासभर माणूस बाईंबरोबर बिल्डिंगखाली. कांदिवलीच्या एका सासऱ्यांनी तर बाईंना गच्चीपासून गेटपर्यंत फिरवून एकेक भेग दाखवली आणि बिल्डरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. इकडे आत त्यांची सून मला म्हणाली, "हात इतके थरथरतात, की पोळी लाटताना लाटणं सुटतं. आळशी समजतात मला. तुम्ही कुणाला बोलू नका." महिन्याभरापूर्वी तिच्या फॉर्मवर मीच 'बरं आहे' लिहिलं होतं.

नवा गठ्ठा जुन्याच्या दुप्पट झाला. मॅडमनी अहवाल पहिल्यापासून लिहिला, बाईंनी सही केली, आणि हॉस्पिटलने एकेकाचे डोस तपासायला घेतले. त्यात बाईंचाही कमी झाला. त्या दुपारी जाग्या राहायला लागल्या, सांताक्रूझला एका टेलरकडे बटणं-काजं करायला लागल्या, आणि एक दिवस ऑफिसात येऊन म्हणाल्या, "माझी सुट्टी आता."

"अहो, मग समितीत कोण?"

"का, मुलुंडपासून कांदिवलीपर्यंत पेशंट संपले? त्या लाटण्यावाल्या सुनेला विचार. पण तिलाच विचार हां. मला आणताना तुम्ही माझ्या दादाला विचारलं होतंत. त्याने हो म्हणून टाकलं, मला दुसऱ्या दिवशी कळलं."

असं म्हणून त्या गेल्या. चहासुद्धा घेतला नाही.

मी कांदिवलीला फोन लावला. सासऱ्यांनी उचलला.

"सुनबाईंना द्याल का जरा?"

"तिला कशाला? मला सांगा की."

"नाही, त्यांच्याशीच बोलायचंय," मी म्हणालो, आणि फोन कानाला लावून बसून राहिलो.