कपाळ चार दिवस मोकळं

"कुंकू लावायचं नाय? म्हंजे काय?" हिराबाई स्टुलावरून उठल्याच. "मॅडम, तिचा नवरा जिता हाय!"

मी हातातली सुई ट्रेमध्ये ठेवली. खुर्चीत त्यांची सून कल्पना मान मागे टाकून बसली होती. तिच्या दोन्ही भुवया नाकाच्या वर एकमेकींना भेटलेल्या, चांगल्या दाट. ते मधले केस कायमचे काढायला सासू तिला घेऊन आली होती. काम सुरू करण्याआधी मी नेहमीची पथ्यं सांगत होते, तेवढ्यात हे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझं पार्लर रोह्याला. पण दर गुरुवारी इलेक्ट्रोलिसिसचं मशीन पिशवीत घालून मी एसटीने पेणला यायचे. मावसबहिणीने घरातली पुढची खोली दिली होती. मशीन मी मांडीवर घेऊन बसायचे आणि कंडक्टर दर वेळी विचारायचा, "मॅडम, ट्रान्झिस्टर का?" मी हो म्हणायचे. भर बसमध्ये खरं कोण समजावत बसणार?

इथे मात्र समजावते. थ्रेडिंग, प्लकिंग, वॅक्सिंग यांत केस उपटला जातो, पण तो उगवणारी जागा तशीच राहते. थोड्या दिवसांनी केस पुन्हा हजर. क्रीमने नुसता वरचा केस जातो, आणि डोळ्यांजवळ ते लावूच नये. कायमचं हवं तर मूळच मारावं लागतं. केसाच्या छिद्रातून केसाइतकीच बारीक सुई आत सरकवायची आणि क्षणभर करंट द्यायचा. मूळ जळलं की केस चिमट्याला अलगद सुटून येतो. असा एकेक केस. त्यात सगळे केस एका वेळी वाढत नाहीत, म्हणून सिटिंग पुन्हा पुन्हा करावं लागतं. लेसर मुंबईत आलंय असं कानावर यायचं, पण आमच्याकडे ते कुणी पाहिलं नव्हतं.

सुईच्या जागी बारीक खपल्या धरतात. त्या पडेपर्यंत साबण नाही, पावडर नाही, टिकलीचा गोंद नाही आणि कुंकू तर नाहीच. नाहीतर जागा पिकते, काळे डाग राहतात. आता भुवयांच्या मधली जागा नेमकी कुंकवाची, त्याला मी काय करणार?

"मग काढताय तरी कशाला?" मी जरा तडकूनच विचारलं. "चांगली दिसते की पोरगी."

हिराबाई पुन्हा बसल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "दिसण्याचं नाय वो. भुवया जुळलेली बाय नवऱ्याला जड जाते, आमच्यात बोलतात. माझा दिलीप टेम्पो चालवतो. दिवसरात्र रस्त्यावर. एकच पोरगा हाय मला."

म्हणजे मुलाच्या जिवासाठी भुवया काढायच्या, आणि भुवया काढायच्या तर मुलाच्या नावाचं कुंकू पुसायचं. बाई पुरत्या कात्रीत सापडल्या होत्या.

"टिकली चार दिवस थोडी वर लावा," मी तोडगा काढला.

"कुंकू म्हंजे काय भाड्याची खोली हाय? आज इथं, उद्या तिथं?"

दारात दिलीप उभा होता. उंच, हसरा पोरगा, हातात टेम्पोची किल्ली. "आये, राहू दे ना त्या भुवया. बाजारात लांबून वलखता येते हिला."

"तू गप रे!"

कल्पना खुदकन हसली. मी दटावलं, "सुई लावताना अशी हसू नकोस गो, लागेल." मग हळूच विचारलं, "तुला काढायचेत का?"

तिने सासूकडे पाहिलं. "आयेंच्या जिवाला घोर हाय. त्यांना बरं वाटंल."

शेवटी हिराबाईंनीच मार्ग काढला. सिटिंग झालं की कल्पनाने चार दिवस उंबऱ्याबाहेर पडायचं नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी विचारलं तर ताप आलाय म्हणायचं. "मंगळसूत्र हाय, चुडा हाय," त्या स्वतःलाच समजावत म्हणाल्या. "देवाला दिसतंय सगळं."

पहिलं सिटिंग झालं, मग दुसरं. इतकं पथ्य पाळणारी पेशंट मला क्वचितच मिळाली. बाकीच्या बायका हो हो म्हणतात आणि लग्नाचं आमंत्रण आलं की टिकली चिकटवून मोकळ्या होतात. ही चार दिवस घरात बसायची. सासू पाणी स्वतः भरायची आणि खपल्या पडल्या की स्वतःच्या हाताने तिला कुंकू लावायची. हे कल्पनानेच मला सांगितलं, जरा लाजून.

तिसरं सिटिंग झालं तेव्हा गणपती तोंडावर आले होते. पेणमधून मूर्ती भरभरून गाड्या निघत होत्या आणि दिलीपला जेवायलाही फुरसत नव्हती. तो कल्पनाला सोडून लगेच गेला.

पुढच्या गुरुवारी मी पेणला उतरले तर मावसबहीण स्टँडवरच उभी. ती कधी येत नाही. "ती भुवयांवाली पोरगी गं," ती म्हणाली. "तिचा नवरा गेला. वडखळच्या पुढे ट्रकने उडवला." सिटिंगच्या दुसऱ्याच दिवशी. कल्पनाचं कपाळ तेव्हा मोकळं होतं.

त्या दिवशी मी मशीन उघडलंच नाही. भेटायला जावं असं फार वाटलं, पण काय तोंडाने जाऊ? सांत्वनाला आलेल्या बायका काय बोलत असतील ते मला घरबसल्या ऐकू येत होतं.

दिवाळी उलटल्यावर त्या दोघीच आल्या. हिराबाई पार वाळल्या होत्या. कल्पना खाली बघत होती.

"गाव बोलतंय," हिराबाई म्हणाल्या. "नवरा जिता असताना कपाळ पुसलं, म्हणून गेला. पोरीला दारात उभं राहू देत नायत. मी सांगते, मीच पुसायला लावलं, मला बोला. मॅडम, तुम्ही शिकलेल्या. खरं सांगा. त्यानं झालं का वो?"

"अजिबात नाही!" मी जवळजवळ ओरडलेच. "ट्रकवाला चुकीच्या बाजूने आला म्हणून झालं. कपाळाचा आणि रस्त्याचा काय संबंध?"

त्या अगदी हळू म्हणाल्या, "मग भुवयांनी तरी काय होणार व्हतं?"

त्यांनी पदर तोंडात कोंबला आणि त्या भिंतीला टेकल्या. मी उठून त्यांना धरलं. मलाही रडू आवरेना.

तेव्हा कल्पना पहिल्यांदा बोलली. "मॅडम, काढलेले परत येतील का?"

हा प्रश्न मला रोज येतो. परत तर नाही ना येणार, असं बायका धास्तीने विचारतात. परत यावेत म्हणून विचारणारी ही एकटीच.

मी तिला लाइटखाली बसवून भिंगातून पाहिलं. खोटं बोलावंसं फार वाटलं. "नाही गं," म्हटलं. "मेलेलं मूळ परत उगवत नाही."

तिने मान हलवली, सासूचा हात धरला आणि तिला उठवलं.

शिकवण विचाराल तर माझ्या धंद्यापुरती एवढीच. खपल्या पडल्यावरही महिनाभर त्या जागी काही लागलं नाही तर कातडी इतकी छान भरून येते की सुई गेली होती हे सांगावं लागतं. नंतर कितीतरी जणींच्या भुवया केल्या, पण कल्पनाइतकं स्वच्छ कपाळ पुन्हा बघायला मिळालं नाही. बाकीच्यांना घरी जाऊन टिकली लावायची असते.