डब्यातला रव्याचा लाडू

माझी धाकटी जाऊ माहेरची पुण्याची, आयटीतली. वाईट नाही हो बिचारी. पण माझी अकरा वर्षांची लेक तिच्या मागे मागे फिरायला लागली आणि माझा जळफळाट सुरू झाला. खोटं कशाला बोलू?

सगळं त्या जिओकॅशिंगपायी. कुणीतरी झाडीत एक डबा लपवायचा, त्याचा ठावठिकाणा मोबाइलवर टाकायचा आणि बाकीच्यांनी शोधत हिंडायचं. सापडला की आतल्या वहीत नाव लिहायचं, डबा होता तिथे परत ठेवायचा. बस्स. बक्षीस नाही की काही नाही. शहराच्या कडेला झाडीचं मोठं उद्यान आहे, तिथे दोघी दर रविवारी जायच्या. रात्री जेवताना लेकीच्या तोंडी फक्त काकू. काकूनं असं शोधलं, काकूला दिशा बरोब्बर कळतात. मी म्हणायचे, "हौ, कळतात तुझ्या काकूला. भाजी खा."

एका बुधवारी लेक म्हणाली, मोठ्या खडकांपाशी एक डबा आहे, काकूलाही दोनदा जाऊन सापडला नाही. झालं! माझ्या डोक्यात किडा वळवळला. एकदा, एकदाच काकूच्या आधी डबा काढून दाखवायचा. लेकीनं माझ्याकडे तसं बघावं, एवढंच हवं होतं मला.

गुरुवारी तिला शाळेत सोडलं आणि काचीगुड्याला घरी यायचं सोडून स्कूटी उद्यानाकडे पळवली. दोन तास खडकांच्या सांदीत हात घालत फिरले. फिरायला आलेल्या एका बाईनं विचारलं, "क्या गुम गया अम्मा?" "झुमका," मी थाप मारली. शेवटी एका कडुनिंबाच्या मुळाशी, दगडाआड, सापडला. स्टीलचा चपटा डबा, झाकण जरा सैल. आत वही आणि पेन्सिल, बाकी रिकामा.

इथे माझी अक्कल चरायला गेली. आमच्याकडे कुणाचा डबा रिकामा परत जात नाही. शेजारणीनं खीर पाठवली तर तिच्या डब्यात निदान मूठभर साखर तरी घालायची, हे सासूबाईंनी पहिल्याच महिन्यात शिकवलेलं. तो डबा तसाच बंद करायला माझा हात धजेना. पर्समध्ये रव्याचा लाडू होता, माझ्या पद्धतीनं वर लवंग टोचलेला. कागदात गुंडाळून ठेवला आत. वहीत नाव मात्र लिहिलं नाही.

रविवारी म्हणाले, "मीपण येते." दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. तेही मला झोंबलं. खडकांपाशी दहा मिनिटं उगीच इकडेतिकडे शोधलं आणि मग "अगंबाई, हे काय!" म्हणत डबा काढला. लेक धावत आली. "आई, तुला सापडला? काकूच्या आधी?" काय सांगू, त्या क्षणी मी हवेत होते.

तिनं झाकण काढलं आणि मुंग्या तिच्या हातभर चढल्या. वहीची पानं तुपानं चिकटलेली.

"शी! कुठल्या बावळटानं खायचं ठेवलंय?" जाऊ म्हणाली. "खाण्याची वस्तू ठेवायची नाही, हा तर पहिला नियम. वहिनी, तुम्हाला नाही ना चावल्या?"

लेकीनं चुऱ्यातून लवंग उचलली. लवंगेकडे बघितलं, मग माझ्याकडे. आता ही बोलणार आणि जावेसमोर माझी पार शोभा होणार, असं वाटलं. पण तिनं चकार शब्द काढला नाही. रुमालानं एकेक पान पुसत बसली.

परतताना ती काकूच्या गाडीत न बसता माझ्या मागे स्कूटीवर बसली. एका सिग्नलला म्हणाली, "तू आधी एकटी आली होतीस?"

"हौ."

"मला न घेता?"

मी मागे वळून पाहिलं. तिचे डोळे भरले होते.

"मी दर रविवारी तुला म्हणते, आई, चल. तू म्हणतेस, मला कामं आहेत, काकूबरोबर जा."

म्हणायची खरी. आणि मी दर रविवारी तेच उत्तर द्यायचे, भाजी निवडत, तिच्याकडे मान वर करूनही न बघता.