जवळचं दाखवणारी दुर्बीण

आमच्या किसनआबांच्या ओटीवर एकाच खुंटीला बंदूक आणि तिच्यावर एक दावं टांगलेलं असे. बंदूक काढायची तर आधी दावं उतरवावं लागे. आबा ते उतरवत, कपाळाला लावत आणि पुन्हा अडकवून मागे फिरत.

खालची दांडी ओढून गोळी चढवायची ती जुनी रायफल. कुसगावच्या भातखाचरांत डुकरं उतरली की वनखात्याची परवानगी निघे आणि आबांना बोलावणं जाई. "आपल्या गोळीला डोळं हायती," असं ते मिशीवर हात फिरवत सांगत. एका संध्याकाळी बांधाआड गवत हललं, आबांनी घोडा ओढला आणि शेजारच्या सखूमावशींची कालवड पडली. ते दावं तिच्याच गळ्यातलं.

मावशींनी भरपाई घेतली नाही, तक्रार केली नाही. आबांशी बोलणं तेवढं सोडलं. दोघांचा नळ एकच. मावशी आल्या की आबा अर्धी घागर उचलून निघून जात.

पुढच्या हंगामात डुकरं पुन्हा आली. आबा मला म्हणाले, "बीकॉम, बंदुकीला दुर्बीण बगू. तिच्याबिगर आता न्हाई जमायचं." आमच्या घरातला पहिला पदवीधर म्हणून ते मला 'बीकॉम'च म्हणत. कॉलेजच्या पहिल्या दिवशी मला स्टेशनवर सोडायला तेच आले होते. मी मनापासून कामाला लागलो.

पुण्याच्या दुकानात मी नऊपट मोठं दाखवणारी दुर्बीण पुढे केली.

"नऊपट डुकार बगून मीच पळंन की!" आबा म्हणाले.

दुकानदार हसला. "आणि हिचं रिकामं काडतूस वरून उडतं, काका. मोठी दुर्बीण मध्ये येईल. पुढे नळीवर बसणारी, कमी ताकदीची घ्या. संध्याकाळी उजळ दिसतं. पण लांबचं टिपता येणार नाही."

"लांबचं मारायचं न्हाई," आबा हळूच म्हणाले. "जवळचं वळखायचंय."

दुकानदाराला काही कळलं नाही. मी तीच दुर्बीण बांधून द्यायला सांगितली.

घरी आल्यावर बंदुकीला न लावता, नुसतीच दुर्बीण आबांनी ओटीवरून डोळ्याला लावली. दिवस मावळत होता. बांधावर सखूमावशी नवं वासरू चारत होत्या. आबा बराच वेळ बघत राहिले. मग उठले, खुंटीवरचं दावं काढून त्यांनी स्वतःच्या गळ्यात घातलं. हातून गाय गेली तर तिचं दावं गळ्यात घालून मुक्याने दारोदार फिरायचं, ही जुन्यांची रीत. आबांनी एकच दार गाठलं. मी मागे होतो.

"बोल की भाऊ, तोंड शिवलंय व्हय?" मावशी म्हणाल्या.

आबांनी मान हलवली. डोळे जमिनीवर.

मावशींनी दावं त्यांच्या गळ्यातून काढलं. "वासराला सुतळी बांधून भागवतीया मी, आन ह्यो दावं घिऊन बसलाय!"

खुंटीवर आता अडथळा नव्हता. तरी आबांनी बंदूक पुन्हा काढली नाही. ते बांधावर बसून पत्र्याचा डबा बडवत. पलीकडून मावशी ओरडत, "जोरात वाजीव, डुकरं झोपत्याली न्हाईतर!"

गेल्या वर्षी आबा गेले. बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली, दुर्बीण माझ्याकडे आहे. शेवटच्या दुखण्यात त्यांनी दोन्हींचं नाव काढलं नाही. "मावशीचं दावं टिकलंय का रं?" एवढंच विचारत.

"टिकलंय," मी सांगायचो.

ते मधोमध तुटलं होतं. मावशींनी गाठ मारून वापरात ठेवलं होतं.